द्वारकाबाईंची पिशवी आणि विहिरीतले लोह

श्रीजलदेवता प्रसन्न असो. राज्यातील बाळमंडळींनी सेवकास पुसिले की, आत्याबाईंची भरलेली पिशवी खुंटीवर का टांगली आहे आणि तीस कोणी हात का लावीत नाही? सांगताना मान खाली जाते, परंतु लेकरांनी पुसिले म्हणजे खरे तेच सांगावे, म्हणोन लिहिले आहे ते सावकाश ऐकावे.

शके एकोणीसशे पस्तीस, विजयनाम संवत्सर, चैत्रमासी, तांबड्या मातीच्या मुलखात एक राज्य होते. विस्तार चार खोल्या, एक पडवी आणि परसात विहीर. गादीवर मुकुंदराव महाराज, संगे सुलभाराणीसाहेब. त्या साली विहिरीने तळ दाखविला, मग महाराजांनी तिच्या पोटात बोअर मारविले आणि वर झाकण घालून पंप बसविला, आणि पाणी उदंड लागले, आणि महाराजांनी गावात पेढे वाटिले. त्याच मासी महाराजांच्या वडील भगिनी द्वारकाबाई, यजमान निवर्तल्यामुळे, एक पिशवी घेऊन माहेरी आल्या, आणि कोणी न सांगता धुणे व चूल त्यांनी आपल्या शिरी घेतली.

मग राज्यावर अरिष्ट आले. महाराजांचे पांढरे सदरे पिवळे पडो लागले, आणि भात तांबूस होऊ लागला, आणि चहा शाईसारखा काळा उतरो लागला. राणीसाहेब बोलिल्या, "वन्सं, अहो कपडे धुता की चिखलात लोळवता?" द्वारकाबाईंनी अधिक घासले, तो डाग हलेना. मग राणीसाहेबांनी स्वहस्ते बादलीत ब्लीचिंग पावडर ओतली, तेव्हा डाग गडद होऊन ठाण मांडून बसले. ऐसे होता होता महाराजांच्या मनाने घेतले की, आक्का आल्या आणि बरकत गेली, सबब आक्कांनी धाकट्या बंधूंच्या राज्यात जावे. धाकटे बंधू तर त्यांचा फोनसुद्धा उचलीत नव्हते, हे महाराजांस ठाऊक होते, तरी मसलत तीच कायम जाहली.

मग सकाळी पडवीत सभा भरविली. वडीलधारे म्हणोन दिगूकाका पाचारिले. द्वारकाबाई पिशवी भरून उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. महाराजांनी पंप चालवून काचेचा पेला भरून आणिला, उजेडात धरिला आणि बोलिले, "काका, पाहा! नितळ! माझ्या विहिरीत काडीचा दोष नाही. दोष हाताचा आहे." द्वारकाबाई इतकेच बोलिल्या, "मुकुंदा, तुझे अंगडे-टोपडे याच हातांनी धुतले रे." महाराजांनी पेला खिडकीत ठेविला आणि भाषण आरंभिले. वाडवडिलांची कीर्ती सांगितली, आणि बोअरचा पराक्रम वर्णिला, आणि मध्ये पोहे आले, आणि तो काळा चहा आला, आणि पुन्हा पराक्रम जाहला, आणि ऊन पडवीतून अंगणात उतरले. तेव्हा दिगूकाका, ज्यांस डुलकी लागली होती, डोळे चोळून खिडकीकडे पाहत बोलिले, "मुकुंदा, थांब. तुझे ऐकून पाणीसुद्धा लाजले की रे!"

सर्वांनी पाहिले, तो पेल्यातले पाणी तांबूस गढूळ जाहले होते आणि तळाशी गंजाचा गाळ बसू लागला होता. पेल्यास कोणी हात लाविला नव्हता. राणीसाहेबांनी पदर चेहऱ्यावर ओढिला. द्वारकाबाई पिशवी दारावरच्या खुंटीस अडकवून पुढे जाहल्या आणि बोलिल्या, "बोलून घसा सुकला असेल तुझा. पण ते पाणी नको पिऊस. माठात कालचे निवळलेले आहे, ते देते." आणि दिले. ते माठातले पाणी महाराज कैसे प्याले, हे लिहवत नाही.

मग पाणी तपासणारे जाणते आणिले. त्यांनी सांगितले ते, लेकरांनो, ध्यानी धरावे. जमिनीच्या पोटातले लोह पाण्यात विरघळून येते, तेव्हा दिसत नाही. वारा लागला की त्याचा गंज होतो, मग दिसते आणि तळी बसते. सबब पाणी उंचावरून भोकांच्या पत्र्यावर पाडावे, म्हणजे वारा भरपूर मिळतो. मग टाकीत निवांत ठेवावे. मग वाळूखडीच्या थरांतून गाळावे, आणि वाळू धूत जावी. बंबात पांढरे कीट धरते ते क्षार निराळे, ते वाळूने जात नाहीत, त्यांस यंत्र निराळे. येणेप्रमाणे महाराजांनी सर्व बांधिले, आणि वाळू धुण्याचे काम कोणास न देता स्वतः पत्करिले. भात पांढरा जाहला, चहास रंग आला. सदऱ्यांचे डागसुद्धा द्वारकाबाईंनी लिंबू-मीठ चोळून पुष्कळसे काढिले.

मग महाराज हात जोडोन बोलिले, "आक्का, चुकलो. राहा." त्या बोलिल्या, "राहते हो. तुला टाकून जाऊ कुठे?" महाराजांनी पिशवी उतरावयास हात घातला, तो बोलिल्या, "ती असू दे. पुन्हा भरायला जीव होत नाही माझा."

सारांश, विहीर शुद्ध जाहली, राज्य सुखी आहे, आणि पिशवी खुंटीवर आहे. महाराज रोज वाळू धुऊन घरात येतात ते तिच्याखालून, मान लववून. बाळमंडळींनी पिशवी ओढू नये. ती उतरविणे एका आत्याबाईंच्याच हाती आहे. इति.