नव्या वाटेचा कंटेनर

नंदकिशोर कपाळाला हात लावून बसला होता आणि समोरच्या स्क्रीनवर, डब्लिनच्या कस्टम्सनं पाठवलेल्या फोटोत, एक लिंबू होतं. मिरच्यांसकट!

वर्षभर बिचाऱ्याला धड झोप नव्हती. चाकणच्या कारखान्यात तो एक्स्पोर्ट सांभाळायचा. तिथले लोखंडी ब्रॅकेट आयर्लंडला जायचे ते ब्रिटनमार्गे. मग ब्रिटननं युरोपीय संघाला रामराम ठोकला आणि आयर्लंडचा ग्राहक हादरला. आता शेजाऱ्याच्या हद्दीवर ट्रक अडकणार! "नवी वाट शोधा, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे." नंदकिशोरनं शोधली. ब्रिटन टाळून, नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरावरून थेट डब्लिन. नवे कोड, नवे कागद, खोकी रचायच्या लाकडी पॅलेटवरसुद्धा कीड नसल्याचे शिक्के. सगळं कसं चोख!

आणि पहिलाच कंटेनर डब्लिनला अडकला. का, तर दाराच्या आत कारखान्याच्या मालकीण आक्काबाईंनी लिंबू-मिरची बांधलेली. विनापरवाना शेतमाल!

"आक्का, हे काय केलंत?"

"अवो, नव्या वाटेनं माल चालला, दृष्ट नको लागाया?" आक्काबाई म्हणाल्या.

"तिकडे लिंबाला रोग नसल्याचा दाखला मागतायत!"

"रोग?" मालक आबाजी भडकलेच. "आमच्या मळ्यातलं लिंबू हाय ते, साहेब! आन् मला सांगा, बोट बुडाली का? न्हाई ना? मग?"

नंदकिशोरनं ग्राहकाला माफीचा मेल लिहायला घेतला.

ग्राहकानं कळवलं, एकदा माफ. पुन्हा कंटेनर अडला तर ऑर्डर बंद. ऑर्डर बंद म्हणजे एक्स्पोर्ट विभाग बंद, आणि विभाग म्हणजे एकटा नंदकिशोर.

दुसऱ्या कंटेनरमध्ये तो स्वतः टॉर्च घेऊन शिरला. छत, कोपरे, पॅलेटच्या फटी, सगळीकडे गुडघ्यांवर रांगला. घामाघूम झाला, पण सील डोळ्यांदेखत लावून घेतलं. जहाज सुटल्याचा फोन आला तेव्हा कुठे त्यानं चहाचा कप उचलला.

"आक्का, ऐकलंत हं माझं. दाराला काही बांधलं नाहीत."

"मग! तुमचा शब्द मोडन व्हय मी?" आक्काबाईंनी बिस्किटांची बशी पुढं सरकवली. "या टायमाला खोक्यात ठिवलंय."

नंदकिशोरनं कप खाली ठेवला. "कुठल्या खोक्यात?"

"चारशे खोकी हायेत, भाऊ. ध्यानात कसं ऱ्हाईल?" मग त्या मायेनं म्हणाल्या, "आन् एक जादा टाकलंय, तुमच्या नावानं. नोकरी टिकावी म्हणून."