जवळ नावाचं बटण

मराठीत ब्राउझर आणायचा तर माझ्यासारखा माणूस हवा! मी आमच्या मालकांना, बाबुरावांना, छातीठोकपणे सांगितलेलं, "महिन्याचं काम आठवड्यात देतो." साल १९९९. डोंबिवलीत फरसाणच्या दुकानावर आमचं ऑफिस. इंटरनेट बघायच्या त्या प्रोग्राममधलं प्रत्येक बटण, प्रत्येक सूचना मराठीत करायची होती. माझी आयडिया साधी. तोच इंग्रजी शब्द पुन्हा आला की पुन्हा डोकं लावायचं नाही. एकदा मराठी लिहायचं, कॉम्प्युटर ते सगळीकडे आपोआप चिकटवणार. बाबुराव खूश, मी तर हवेतच!

त्यात शेजारच्या खुर्चीवर नंदा. ती मोहन्याहून यायची, माझी बटणं दाबून तपासायची. ती वाकून स्क्रीनकडे बघायला लागली की मला इंग्रजी सोडा, मराठीसुद्धा सुचायचं नाही. कित्येक महिने मी तिला मनातलं सांगायला तोंड उघडत होतो आणि "चहा सांगू का गं?" एवढंच विचारत होतो. आणि आता तिच्या मामांनी तिला नाशिकला नोकरी बघितलेली! शनिवारी फोन करून हो-नाही कळवायचं होतं. तिने जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. नेमकं तेवढंच बोलता येत नव्हतं.

अशा अवस्थेत समोर शब्द आला, 'क्लोज'. मागेपुढे वाक्य नाही, नुसता शब्द. शेजारी नंदा. मी लिहिलं, 'जवळ', आणि पुढे सरकलो.

शनिवारी सकाळी हे काम देणारे ठाण्याचे सफारीवाले साहेब ते बघायला आले. नंदा माऊस चालवत होती, मी मागे ऐटीत उभा.

"ही खिडकी बंद कशी करायची?" साहेबांनी विचारलं.

नंदाने शोधलं. तळाला एकच बटण, 'जवळ'. तिने ते दाबलं. खिडकी गायब!

"अहो, जवळ म्हटल्यावर ती पळाली कुठे?" साहेब चक्रावले.

दुसरी खिडकी उघडली. पुन्हा 'जवळ', पुन्हा गायब. तिसरीने तर कहरच केला. वर प्रश्न, 'नक्की?' आणि खाली दोन बटणं, 'जवळ' आणि 'नको'.

"मधु!" बाबुराव कडाडले. "हा ब्राउझर आहे की वधू-वर सूचक मंडळ?"

"ते... स्पीडमध्ये झालं, बाबुराव."

"मग स्पीडमध्येच काढ!" असं म्हणून ते साहेबांना खाली फाफडा खायला घेऊन गेले.

खोलीत आम्ही दोघंच. स्क्रीनवर तीच खिडकी. नंदा माझ्याकडे न बघता म्हणाली, "मधु, हे मुद्दाम लिहिलंयस का रे?"

मला वाटलं, ही चिडली, आता बाबुरावांना सांगणार.

"छे गं! मुद्दाम कशाला?"

"खरं सांग. मला आत्ता नाशिकला फोन करायचाय."

"आईशप्पथ, चूक आहे! एका झटक्यात सगळीकडून काढून टाकतो."

"सगळीकडून?"

"एकूण एक! तू बघच."

"काढ मग," ती म्हणाली आणि पर्स उचलून खाली पीसीओवर गेली. मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही, इतका कामात! 'जवळ' काढलं, 'बंद' टाकलं. साहेब परत आले, खिडक्या शिस्तीत बंद झाल्या, काम पास. बाबुरावांनी पाठ थोपटली. नंदाने पेढे आणलेले. नाशिक पक्कं झालेलं, सोमवारपासूनच.

सोमवारी तिची खुर्ची रिकामी दिसली, तेव्हा कुठे तिच्या प्रश्नाचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला. फार आठवण यायची हो तिची, अजूनही येते! कितीतरी दिवस मी सगळे मेन्यू उघडून बघायचो. म्हटलं, चुकून एखाद्या कोपऱ्यात तरी 'जवळ' राहिलं असेल.

एकही नाही. काम चोख हो माझं!