व्हॉल्व्ह गेला!

"बॉयलरचं पाणी बदलायला प्लंबर कशाला? अगं, मी इंजिनियर आहे! चहा निवायच्या आत येतो!" अतुलने जाहीर केलं आणि बाह्या सरसावल्या.

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या कंपनीत दिवसभर गाड्यांची इंजिनं तपासणारा माणूस तो. घर तापवणारा बॉयलर म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ! नीलांबरीने मनातल्या मनात देवाला हात जोडले आणि कुकर चढवला.

मदतीला विष्णूकाका बेसमेंटमध्ये उतरले. अतुलचे हे काका दापोलीहून पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते आणि बर्फाने पार वेडावले होते. "जरा बघून येतो रे," म्हणत ते लगेच तिथल्याच मागच्या दाराने अंगणात पसारही झाले.

अतुलने बॉयलर बंद केला, थोडा निवू दिला, तळाच्या व्हॉल्व्हला पाइप जोडला आणि मूठ फिरवली. पाणी झकास वाहू लागलं. बंद करायला गेला, तर मूठ नुसतीच गोल गोल फिरली आणि खट्! दांड्यासकट हातात आली! भोकातून कोमट पाण्याची पिचकारी थेट चष्म्यावर! त्याने घाईघाईने अंगठा दाबला. धार थांबली. अंगठा उचलला की पुन्हा धार! त्यात बॉयलर नळाचं नवं पाणी आपोआप ओढतच होता. आणि शेजारीच नीलांबरीच्या लग्नातल्या साड्यांचे खोके!

"नीलू! व्हॉल्व्ह गेला!"

नेमकी तेव्हाच कुकरने शिट्टी दिली आणि वर नीलांबरीला ऐकू आलं, "विष्णू गेला!" 'काका' शिट्टीत बुडालं असणार, असं तिला वाटलं!

"काय? कधी?" ती किंचाळली.

"आत्ता! माझ्या हातात!"

"अरे, नीट बघितलंस ना?"

"बघितलं! काही दम उरला नाही! पण अजून गरम आहे!"

"अरे देवा! मी काय करू?"

"कुणालातरी बोलाव लवकर! मला हात काढता येत नाहीये!"

नीलांबरीला खाली जाऊन बघायची हिंमत होईना. जिन्यावर बसून तिने रडत रडत मदतीसाठी 911 फिरवला आणि मग शेजारच्या सीमाला फोन केला.

ते हुंदके खाली अतुलला ऐकू आले. एका व्हॉल्व्हसाठी इतकं रडते? त्याचा ऊर भरून आला. संसारातल्या चिमूटभर पितळेवरसुद्धा केवढा हा जीव!

कोमट पाणी मनगटावरून झिरपत होतं. छताजवळच्या छोट्या खिडकीबाहेर बर्फाची पिसं खाली यायचं विसरल्यासारखी तरंगत होती. पाइपांमधली गुळगुळ अंगाईसारखी लांबत गेली आणि अतुलचे डोळे मिटले. समोर लहानपणीचं, दापोलीजवळच्या उन्हवऱ्याचं गरम पाण्याचं कुंड आलं. काका त्याला पाठुंगळी घेऊन पायऱ्या उतरतायत, वाफेत त्यांचे पांढरे केस विरघळतायत आणि ते म्हणतायत, "घाबरू नकोस, खाली तळ आहे..."

इकडे वर पुढचं दार उघडलं. दारात विष्णूकाका! डोक्यापासून पायापर्यंत पांढरेफटक!

नीलांबरीने अशी किंकाळी फोडली की छपरावरचा बर्फ घसरला.

"का-का! तुम्ही... गेलात ना?"

"गेलो होतो गं. पण तिकडे थंडी फार, म्हणून परत आलो!"

तेवढ्यात भोंगा वाजवत अग्निशमन दलाची गाडी आली. अमेरिकेत 911 फिरवला की बहुधा आधी तेच धावतात! दोन धिप्पाड जवान धडधडत बेसमेंटमध्ये उतरले. पाहतात तर गुडघ्यांवर बसलेला एक माणूस, अंगठा बॉयलरला, डोळे मिटलेले आणि चेहऱ्यावर परमसुख!

"सर! पेशंट कुठे आहे?"

अतुलने डोळे किलकिले केले. "हा काय," म्हणत त्याने मोकळ्या हाताने तुटकी मूठ वर धरली.

जवानाने मुठीकडे पाहिलं. मग दोन पावलं चालून समोरच्या भिंतीवरचा पाण्याचा कॉक बंद केला आणि तुटक्या व्हॉल्व्हखाली बादली सरकवली. धार बारीक झाली, मग नुसते थेंब उरले.

"हे तुम्हीच का नाही केलंत?"

"त्यासाठी अंगठा काढावा लागला असता ना!" अतुल म्हणाला. आणि बोलता बोलताच त्याला आपला वेडेपणा कळला.

जवान गेले. गारठलेल्या घरात तिघं कोट घालून बसले असताना रडून डोळे सुजलेली सीमा डबा घेऊन आली आणि काकांना पाहून उंबऱ्यातच थिजली. काकांनीच तिच्या हातून डबा घेतला आणि झाकण उघडलं.

"पिठलं-भात? अरेरे! कोण गेलं?"

शेवटी नीलांबरी पुटपुटली, "काका... तुम्हीच."

काकांनी मग ताट पुढे ओढलं.

"मग पहिल्यांदा मला वाढ!"