सरगर बिरुदेव मायाप्पा

एका जित्याजागत्या शास्त्रज्ञाचं नाव मी एकदा जगाच्या पाठीवरून पुसून टाकलं आणि त्याच्या जागी त्याच्या वडिलांना बसवलं. वडिलांना अक्षरओळख नव्हती. हत्यार म्हणून मी टाइपरायटर वापरला. नातवंडांना हे सांगते तेव्हा त्यांना वाटतं, आजी थापा मारतेय. थापा मी मारते, पण ही त्यातली नव्हे.

तेव्हा माझी विशी नुकतीच उलटली होती आणि मला जगातलं सगळं येत होतं. साताऱ्याच्या टायपिंग क्लासात पहिली आले होते. सांगलीत मामांकडे राहून एका मेडिकल कॉलेजात टायपिस्ट म्हणून लागले होते. मशिनपुढे अशा थाटात बसायचे की बघणाऱ्याला वाटावं, ही आता विमान उडवणार. माझ्या वाट्याला आले डॉक्टर सरगर.

डॉक्टर सरगर कुठलीही गोष्ट स्वतःच्या जिवावर बोलत नसत. ‘आज उकाडा आहे’ एवढं साधं वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. ते म्हणायचे, “आज उकाडा आहे, असं आपल्या शिपायाचं मत आहे. सकाळचं.” खाणावळीत आमटी खारट झाली तर वाढप्याला सांगायचे, “शेजारचे गृहस्थ आमटी खारट म्हणतात. मी त्यांच्याशी सहमत आहे.” आणि आपण काही सांगायला जावं, तर जाड भिंगांतून बघत एकच प्रश्न, “कुणी म्हटलंय?”

एकदा मी सहज म्हणाले, हळदीचा भाव उतरलाय.

“कुणी म्हटलंय?”

“मामांनी.”

“त्यांना कुणी सांगितलं?”

हळदीच्या भावाचं मूळ शोधत आम्ही बाजारातल्या कुठल्याशा अडत्यापर्यंत पोहोचलो, तोवर माझा चहा गार झाला होता.

या सवयीनं त्यांचं लग्नही घालवलं. मिरजेला मुलगी बघायला गेले होते. मुलीच्या आईनं विचारलं, कशी वाटली आमची मुलगी? डॉक्टर म्हणाले, “देखणी आहे, असं तिचे काका म्हणतात.” पोहे संपायच्या आत उठावं लागलं. पुढं कुणी बोलावलं नाही. चाळिशी उलटून गेली तरी नदीकाठच्या एका खोलीत एकटेच राहायचे. दिवाळीत सगळे आपापल्या घरी गेले की प्रयोगशाळेत येऊन बसायचे. तिथं निदान बरण्या होत्या.

बरण्यांत काळजं होती. कवितेतली नव्हेत, खाटकाकडं कलेजी म्हणून मिळतात ती, मेंढरांची. जतकडच्या माळावर कुत्री मेंढराचं टाकून दिलेलं काळीज खातात, त्यांच्या पोटात एक बारीक जंत होतो, आणि त्या जंताची अंडी माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या काळजात पाण्यानं भरलेली गाठ धरते. डॉक्टरांनी कित्येक वर्षं त्या माळावर हिंडून यावर काम केलं होतं. ते सगळं एका निबंधात आलं, आणि तो निबंध परदेशी मासिकाला पाठवण्यासाठी टाइप करायला माझ्याकडं आला.

हस्तलिखितावर त्यांनी लिहिलं होतं, बिरुदेव एम. सरगर. मला हसू आलं. एवढा शिकलेला माणूस आणि नाव लिहायची पद्धत ठाऊक नाही. साताऱ्याला आम्हाला पढवलं होतं, आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. हजेरीपटावर तसंच, शाळेच्या दाखल्यावर तसंच. मी सुधारलं. सरगर बिरुदेव मायाप्पा. छपाईआधी तपासायला कागद आले तेव्हा डॉक्टर जतला होते, म्हणून तेही मीच तपासले. दोन स्वल्पविराम दुरुस्त केले.

तिकडं शेवटी येतं ते आडनाव. निबंध छापून आला, लेखक एस. बी. मायाप्पा.

डॉक्टरांनी ते पान आणून माझ्या मशिनवर ठेवलं. मग म्हणाले, “हे कुणी केलं?”

“मी.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“साताऱ्याच्या क्लासमधल्या सरांनी.”

त्यांनी मान हलवली. निदान माझ्यापाशी आधार होता.

त्यानंतर कार्डं यायला लागली. परक्या मुलखातले डॉक्टर त्या काळी छापील कार्ड पाठवून निबंधाची प्रत मागायचे. ज्याला कार्डं जास्त, ज्याचं नाव दुसऱ्यांच्या निबंधांत जास्त वेळा, तो मोठा. पोस्टमन दारात उभा राहून विचारायचा, “मायाप्पा कोन हाय वं हितं? फॉरिनची कार्डं आल्यात.” ग्रीस, अर्जेंटिना, पोलंड. मायाप्पा मोठे व्हायला लागले. डॉक्टर सरगर होते तिथंच होते.

अशात रीडरची जागा निघाली. वरची जागा, वरचा पगार, स्वतःची प्रयोगशाळा. आमच्या विभागाचे प्रमुख, त्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो, डॉक्टरांच्या टेबलाशी येऊन म्हणाले, “सरगर, लोक बापाचं नाव काढतात. तुम्ही स्वतःचंच काढून टाकलंत. निवड समिती मायाप्पाला जागा देईल, तुम्हाला नाही. त्या मासिकाकडं दुरुस्तीचं पत्र धाडा आणि सोमवारी त्याची प्रत समितीपुढं ठेवा.”

ते पत्र मी त्याच दिवशी टाइप केलं. नाव चार वेळा तपासलं. फक्त सही हवी होती. डॉक्टर म्हणाले, “उद्या बघू.” दुसऱ्या दिवशीही म्हणाले, “उद्या बघू.” मी विचारलं, “उद्या, असं कुणी म्हटलंय?” ते हसले नाहीत. शनिवारी बघते तर डॉक्टर जतला निघून गेलेले.

माझ्यामुळं एका माणसाची जागा जाणार होती. मामा एसटीत कंडक्टर, जतच्याच गाडीवर. रविवारी त्यांच्या गाडीत बसले, पर्समध्ये पत्र आणि दोन पेनं. एक चाललं नाही तर दुसरं. मी हुशार होते ना.

डॉक्टरांच्या वडिलांचं घर गावाबाहेर माळावर, पत्र्याचं. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं विकली होती, मेंढरं कोंडायचं वाडगं रिकामं पडलं होतं. घोंगड्यावर म्हातारा बसला होता, समोर भुईवर डॉक्टर, आणि दोघांच्या मध्ये ती कार्डं. मी आल्याचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

“ह्यो कुठला?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“ग्रीस देशाचा, आप्पा.”

“मेंढरं हायत व्हय त्यांच्यात?”

“लय हायत.”

“काय म्हंतोय?”

“तुमच्या नावानं छापलंय ते वाचाय मागतोय.”

म्हातारा कार्डावरच्या तिकिटाकडं बघत राहिला. मग म्हणाला, “लिव त्याला. मेंढरू कापलंस तर काळीज पुरून टाक म्हनावं. कुत्र्याला घालू नगं. मला ठावं न्हवतं, म्हनून तुला सांगतोय म्हनावं.” पुढं म्हणाला, “आन घरात मानसं किती हायत, ते बी इचार.”

डॉक्टर खाली मान घालून लिहीत होते. कुणी म्हटलंय, असं त्यांनी विचारलं नाही.

मग त्यांनी मला पाहिलं. म्हाताऱ्यानं विचारलं, “ही कोन रं?”

“आमच्या टायपिस्ट बाई. तुमचं नाव छापून आलं ते ह्यांच्यामुळं.”

“लय ब्येस केलंस, बाय,” म्हातारा म्हणाला. आयुष्यात माझ्या टायपिंगचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. मी पर्समधलं पत्र आणखी खाली दाबलं आणि त्यांनी दिलेला कोरा चहा गूळ विरघळायच्या आतच पिऊन टाकला.

गाडीपर्यंत पोचवायला डॉक्टर आले. वाटेत स्वतःच बोलायला लागले. त्यांची आई अशाच गाठीनं गेली होती. कुत्री घरचीच होती. डॉक्टर तेव्हा नुकतेच शिकून आले होते. त्यांनी घरी येऊन सांगितलं, हे कुत्र्यांमुळं झालं, तुम्ही त्यांना काळीज घालत होता म्हणून. तेव्हापासून वडील त्यांच्याशी बोलले नव्हते. भाकरी वाढायचे आणि उठून मेंढरांकडं जायचे, मेंढरं विकल्यावर रिकाम्या वाडग्याकडं. कार्डं यायला लागल्यावर पहिल्यांदा तोंड उघडलं.

“पत्र आणलंय?” त्यांनी विचारलं.

मी दिलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. “नाव बरोबर टाइप केलंत,” म्हणाले, आणि घडी करून माझ्या हातात परत दिलं.

ती जागा दुसऱ्याच एका डॉक्टरांना मिळाली. त्यांच्या निबंधांवर त्यांचंच नाव होतं. मोठ्या सरांनी आठवडाभर आमच्या डॉक्टरांशी बोलणं टाकलं. डॉक्टरांना ते कळलंच नाही, कारण तसंही त्यांच्याशी फारसं कुणी बोलत नव्हतं.

पुढच्या वर्षी थंडीत मायाप्पा गेले. डॉक्टर दिवस करून परत आले ते डोक्याचे केस उतरवून. टेबलावर मधल्या काळातली कार्डं साठली होती, शिवाय बोटीनं आलेली दोन मासिकं. आल्या आल्या त्यांनी एक मासिक उघडलं आणि कुणा परक्या डॉक्टराच्या निबंधातल्या एका ओळीवर बोट ठेवून बसून राहिले. जेवणाच्या सुट्टीतही उठले नाहीत.

मी आता शहाणी झाले होते, असं माझं मत होतं. दुरुस्तीचं पत्र नव्यानं टाइप केलं, त्यांच्यापुढं ठेवलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, “सर, आता सही करायला हरकत नाही. आता कुणाला वाईट वाटायचं नाही.”

त्यांनी ओळीवरचं बोट काढलं नाही. म्हणाले, “गावात सगळे आता ‘मायाप्पा म्हनायचा’ असं बोलायला लागलेत, बाई. ह्या लोकांच्या कागदात अजून ‘मायाप्पा म्हणतात’ असंच आहे. तेवढं राहू द्या.”