डबीभर हिंग आणि एक चित्रकलेचा वर्ग

अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावच्या रविवारच्या मराठी शाळेत विशेष गरजा असलेल्या पाच मुलांचा चित्रकलेचा वर्ग होता आणि त्याला कमिटी हिंग लावून विचारत नसे. मग चंद्रशेखर नावाच्या आयटी मॅनेजरांनी त्यात लक्ष घातलं. त्यांनी एक लेख वाचला, त्यावरून बत्तीस स्लाइड्स केल्या आणि रंग नुसते बघायचे नसतात, हाताळायचे, हुंगायचे असतात, हे मुलांच्या आयांना समजावून सांगितलं. आयांना हे कुठून ठाऊक असणार? त्या आपल्या सात-आठ वर्षं घरी तेच करत होत्या.

कमिटीची अट एकच होती. या रविवारी प्रत्येक मुलाने काहीतरी करून दाखवावं, नाहीतर वर्ग बंद. अडचण सात वर्षांच्या रुहीची होती. ओलं, चिकट काही दिसलं की तिचे हात काखेत जात. सहा महिन्यांत तिने कशालाच बोट लावलं नव्हतं. तरी तिची आई शैलजा तिला दर रविवारी आणायची, कारण दुसरीकडे या पोरीला कुणी बसूच देत नव्हतं.

रविवारी चंद्रशेखरांनी रंग म्हणून हळद घातलेलं पीठ पातेल्यात सरबरीत कालवलं आणि वासासाठी त्यात हिंग घातला. चिमूटभर नाही, डबीभर.

"एवढा स्ट्राँग वास मुलांना सहन नाही होणार हो," शैलजा म्हणाली.

"रिसर्च तसं म्हणत नाही," चंद्रशेखर म्हणाले.

रिसर्चने इमारतीच्या केअरटेकरचा विचार केला नव्हता. वास वरच्या मजल्यावर पोचला, त्याला गॅस गळतोय असं वाटलं आणि त्याने अलार्म वाजवला. मुलांनी शाळेतल्या फायर ड्रिलप्रमाणे कानांवर आवाज अडवणारे हेडफोन चढवले, रांग लावली आणि ती शांतपणे बाहेर पडली. आरडाओरडा आणि ढकलाढकली कमिटीने सांभाळली. चंद्रशेखर पातेलं छातीशी धरून धावले.

पार्किंगमध्ये फायर ट्रक आला. चंद्रशेखरांनी अधिकाऱ्याला हिंगाचे पाचक गुण सांगायला घेतले. त्याने पातेलं हुंगलं आणि तो तीन पावलं मागे सरला. तेवढ्यात ट्रककडे एकटक बघणारी रुही पुढे आली. तिने काखेतले हात काढले, दोन्ही पंजे पातेल्यात बुडवले आणि ट्रकच्या लालभडक दारावर दाबून उमटवले.

चंद्रशेखर ओशाळून टिश्यू काढू लागले. शैलजाने त्यांना अडवलं.

"पुसू नका," ती म्हणाली. ती सगळ्यांसमोर रडली. अधिकाऱ्यानेही ठसे तसेच राहू दिले.

कमिटीने नाइलाजाने वर्ग चालू ठेवला. चंद्रशेखरांनी ग्रुपवर अहवाल टाकला, की ठसेकामाचा उपक्रम ठरल्या नियोजनानुसार पार पडला. खाली लगेच शैलजाचा मेसेज आला:

"रुही विचारतेय, पुढच्या रविवारी ट्रक किती वाजता येणार?"