इंगेलाचे सुरक्षित पुनरागमन

मंगळवारी संध्याकाळी इंगेला धावायला निघाली, यात खरं तर कुणाला काही वाटण्याचं कारण नव्हतं. ती गावच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरीला होती, वय पन्नाशीच्या आसपास, आणि कित्येक वर्षं दर मंगळवारी 'तळेकाठ धावपटू मंडळा'बरोबर तळ्याला एक फेरी मारत होती. मधले काही दिवस मात्र अर्धशिशीनं तिला आडवं केलं होतं. डाव्या डोळ्यामागे बसून कुणीतरी खिळे ठोकावेत तसं डोकं ठणकत होतं. पडदे ओढून, उशाशी बादली घेऊन ती पडून होती, आणि नवरा रोलांड स्वतःच्याच घरात चोरासारखा टाचा उचलून वावरत होता.

आता ते ओसरलं होतं. आरोग्यकेंद्रातल्या नर्सनं फोनवर सांगितलं होतं, "हळूहळू सुरुवात करा, पाणी पीत राहा, दुखायला लागलं तर थांबा." सल्ला इतका सोपा होता की तो पाळायला कुठल्याही समितीची गरज नव्हती. हाच त्यातला दोष होता.

मंडळाच्या लाकडी खोपटाबाहेर अध्यक्ष स्टेलान उभा होता. निवृत्त होण्याआधी तो कशाचा तरी उपसंचालक होता; कशाचा ते गावाला आठवत नव्हतं, पण 'उप' लागल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर अजून दिसे. त्यानं इंगेलाला मिठी मारली, मग खांदे धरून तिला हातभर लांब केलं.

"आलीस! बरं वाटलं गं तुला बघून. कुठे निघालीस?"

"धावायला."

"अशी कशी धावणार?"

"पायांनी," इंगेला म्हणाली.

स्टेलान हसला नाही. मंडळात एक 'सुरक्षित पुनरागमन समिती' आहे, याची त्यानं तिला गंभीरपणे आठवण करून दिली. मागे एक सभासद सर्दीतून उठून आला आणि त्यानं सगळ्या मंडळाला सर्दी दिली, तेव्हा ही समिती नेमली होती. त्यानंतर जे आजारी पडले ते परत आलेच नाहीत, गोल्फ खेळायला लागले. त्यामुळे समिती सज्ज होती, पण बेकार होती. इंगेला ही तिची पहिली संधी होती.

"म्हणजे आज नको म्हणतोस?"

"आज नकोच. तुझ्याच भल्यासाठी."

इंगेलानं चिडायला हवं होतं. पण बुटांची नाडी तिनं दोनदा सोडून पुन्हा बांधली होती. पहिल्या उतारावर डोकं पुन्हा ठणकलं तर, या भीतीनं ती सकाळपासून पोखरली गेली होती. आता 'नको' दुसऱ्यानं म्हटलं होतं. घरी परतताना तिला चक्क हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली.

समिती कॉफी आणि दालचिनीच्या गोड पावांसह भरली. अध्यक्षस्थानी गुनवोरबाई होत्या. त्या गावच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका. अर्ध्या मंडळाला त्यांनी शिकवलं होतं, त्यामुळे सगळे अजून त्यांना बाईच म्हणत आणि बोलण्याआधी नकळत हात वर करत. मंडळाच्या प्रथेप्रमाणे प्रत्येकानं इंगेलाच्या अर्धशिशीबद्दल स्वतःला काय वाटतं ते सांगितलं. दोघांना रडू आलं. शेवटी असं ठरलं, की इंगेलानं तूर्त धावू नये, चालावं. आणि चालताना तिच्यासोबत एक साहाय्यक असावा. लांबून येणाऱ्यांना तिची अवस्था कळावी आणि त्यांनी हळू आवाजात बोलावं, म्हणून तिनं झगझगीत पिवळं जाकीट घालावं.

"बाई, त्या पिवळ्या रंगानंच माझे डोळे दिपतात," इंगेला म्हणाली.

"म्हणून तर तू ते अंगात घालायचंस, बाळ. ते दिसतं बाकीच्यांना."

पुढच्या मंगळवारी इंगेला पिवळं जाकीट घालून चालली. शेजारून स्टेलान चालत होता आणि दर वळणावर "कसं आहे डोकं?" असं कुजबुजत होता. मंडळाचे बाकीचे लोक त्यांच्या बाजूनं धावत पुढे जात होते. ते पाहून समितीला राहवलं नाही. पुढे जाणाऱ्यांमुळे मागे राहणाऱ्याच्या मनावर काय परिणाम होतो, याचा कुणी विचारच केला नव्हता! तातडीची बैठक झाली आणि समानतेच्या तत्त्वाला धरून सगळ्यांनीच चालायचं असा निर्णय एकमतानं झाला. एकमत व्हायला थोडा उशीर लागला, कारण एका तरुण सुताराला पटत नव्हतं.

"अहो, पण मग मी धावू कधी?" त्यानं हात वर करून विचारलं.

"तुला धावावंसं का वाटतं," गुनवोरबाई मायेनं म्हणाल्या, "याच्या मुळाशी आपण सगळे मिळून जाऊया. पुढच्या खेपेला तुझ्या लहानपणावर बोलू."

सुतार लगेच सहमत झाला.

पण नुसतं चालून भागणार नव्हतं. सभासदांना अर्धशिशी म्हणजे काय हे समजायला हवं होतं. त्यासाठी 'जाणीव-संध्या' झाली. मुख्य पाहुणी म्हणून इंगेलाला पडद्याच्या अगदी समोर, पहिल्या रांगेत बसवलं. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे कशा नागमोडी रेषा लखलखतात, ते स्टेलाननं पडद्यावर दाखवलं. मागच्या रांगेतल्यांना नीट दिसलं नाही म्हणून पुन्हा दाखवलं. ध्वनिक्षेपक दोनदा किंचाळला. गुनवोरबाईंनी प्रसंगाला शोभेल असं अत्तर सढळ हातानं लावलं होतं. अल्पोपाहारात जुनं मुरलेलं चीज आणि लाल वाइन होती. अर्धशिशीवाल्यांनी ती टाळावीत, हे सगळ्यांना प्रत्यक्ष कळावं हा त्यामागचा हेतू होता.

आभारप्रदर्शनाच्या वेळी इंगेला बाहेर गुलाबाच्या ताटव्यात ओकत होती.

स्टेलाननं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "बघितलंस ना? आता कल्पना कर, तू धावली असतीस तर!"

पुन्हा पडदे, पुन्हा बादली, पुन्हा टाचा उचललेला रोलांड. दुसऱ्या दिवशी दुपारी कळा थोड्या मंदावल्यावर अंधारात पडल्यापडल्या इंगेला म्हणाली, "रोलांड, मी धावले नव्हते रे."

"नाही."

"तरी अर्धशिशी आलीच ना?"

"आली."

"मग मी घाबरतेय कशाला?"

रोलांडनं तिच्या कपाळावरची ओली घडी बदलली. मग म्हणाला, "बरी झालीस की जंगलाच्या बाजूनं जा. तिकडे मंडळ फिरकत नाही."

आठवडाभरानं, रविवारी सकाळी, इंगेला जंगलात शिरली. आधी चालली. मग आजूबाजूला पाहिलं आणि सावकाश धावायला लागली. पहिल्या चढावर ती पाय टाकत होती खरी, पण तिचे कान स्वतःच्या डोक्याकडे लागले होते. डोकं गप्प होतं. दुसऱ्या चढावर ती ऐकायचं विसरली. पाइनच्या सुया बुटांखाली दबत होत्या, घाम पाठीवरून उतरत होता, श्वास आपला आपण लय धरत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपलं शरीर समितीच्या मालकीचं नाही असं तिला वाटलं, आणि त्या आनंदात ती वळणावर अळंबी गोळा करणाऱ्या गुनवोरबाईंवर जवळजवळ आदळलीच.

"इंगेला! तू धावतेयस?"

"नाही बाई," इंगेलाच्या तोंडून शाळकरी वयातला आवाज निघाला, "बस चुकेल माझी."

"जंगलात बस येत नाही, बाळ."

समिती त्याच संध्याकाळी भरली. कुणीही आवाज चढवला नाही. सगळ्यांना फक्त वाईट वाटलं होतं, आणि ते त्यांनी आळीपाळीनं सांगितलं.

"आम्हाला एवढंच समजून घ्यायचंय," स्टेलान म्हणाला. "धावल्यावर वाटलं कसं?"

"छान."

गुनवोरबाईंनी चष्मा काढला. "किती छान?"

"खूपच."

"झटका येण्याआधी काहींना उगाचच खूप छान वाटतं. लक्षण आहे ते."

"आणि बरं वाटलं नसतं तर?"

"तेही लक्षणच."

"मग मला वाटायचं तरी काय?" इंगेला उसळून म्हणाली.

"बेताचं," स्टेलान म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

इंगेलानं तिथल्या तिथे राजीनामा दिला. तो आजाराच्या भरात दिला असण्याची शक्यता असल्यानं स्वीकारता आला नाही. उलट मंडळानं तिला सन्माननीय आजीव सभासद केलं आणि पिवळ्या जाकिटातलं तिचं छायाचित्र दारावर लावलं.

त्याच शरद ऋतूत नगरपालिकेनं सर्वांत सुरक्षित क्रीडामंडळाचा पुरस्कार तळेकाठ धावपटू मंडळाला दिला. अख्ख्या मोसमात एकाचाही पाय मुरगळला नव्हता, कुणाला धाप लागल्याचीही तक्रार नव्हती. बातमी पसरली आणि शेजारच्या गावांतून लोक लोटले. आता सभासद इतके झाले आहेत की मंगळवारी चालायलाही जागा पुरत नाही, म्हणून तळ्याकाठी बाकं टाकली आहेत. मंडळी उंची बूट आणि घाम शोषणारे सदरे घालून येतात, कॉफी पितात, एकमेकांना डोकं कसं आहे ते विचारतात आणि समाधानानं घरी जातात. तरुण सुतारानं तर लहानपणावर बोलताना नवी बाकंही बनवून दिली.

कधीकधी पलीकडच्या काठानं इंगेला धावत जाताना दिसते. मग बाकांवर कप थबकतात आणि कुणीतरी हळहळून म्हणतं, "बिचारी."

प्रवेश अजून खुला आहे. अर्धशिशी असण्याची अट नाही. नव्या सभासदाला फक्त दोन प्रश्न विचारतात. पहिला: धावायचं मनात आहे ना? दुसरा: मग आज का नको?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे तयार असेलच.