गारठ्याची कॉपर टी

"निर्णय घ्यायला आपल्याला पाच मिनिटं पुरतात," असं गारठा छाती पुढे काढून सांगायचा. एसी दुरुस्तीच्या धंद्यामुळे त्याला हे नाव पडलं होतं आणि आता खुद्द त्याची आईही त्याला त्याच नावानं हाक मारायची.

फक्त एका निर्णयाचं घोडं दोन महिने अडलं होतं. थोरलीचं बोबडं बोलणं सुटायच्या आत पाळण्यात धाकटा आला होता, आणि तिसऱ्याची वर्दी अशीच बेसावध लागू नये यासाठी काय करायचं, हे नवराबायकोला ठरवायचं होतं. बायको शाळेत गणित शिकवायची. बाळंतपणाची रजा संपत आली होती. रविवारी संध्याकाळी तिनं त्याला समोर बसवलं आणि एकेक उपाय नीट समजावून सांगितला. गोळ्या, इंजेक्शन, ऑपरेशन, सगळं. गारठा मांडीवर उघडा रिमोट घेऊन त्यातली बारीक स्प्रिंग शोधत होता. तासभर तो "हं, हं" म्हणाला. शेवटी स्प्रिंग सापडली तेव्हा म्हणाला, "तू ठरवशील ते मला मान्य. फक्त मेसेज टाक."

मंगळवारी मेसेज आला. गारठा तेव्हा एका दुकानाच्या गच्चीवर होता, दोन्ही हात ग्रीसनं माखलेले. म्हणून फोन काकांनी वाचला. काका म्हणजे त्याचे जुने कारागीर, साठी ओलांडलेले आणि सहा मुलांचे बाप.

"सूनबाईचा मेसेज आहे," काका म्हणाले. "कॉपर टी ठरवलीय. गुरुवारी अकरा वाजता हॉस्पिटलमध्ये ये. नक्की ये."

गारठ्याच्या हातातला पाना थांबला. तांब्याच्या नळीला जिथे फाटा काढायचा तिथे जो तुकडा जोडतात, त्याला त्यांच्या धंद्यात कॉपर टी म्हणतात. आणि त्या हॉस्पिटलच्या एसीचं काम मिळावं म्हणून तो दोन वर्षं खेटे घालत होता.

"काका, बघितलंत? मी दोन वर्षांत जे जमवलं नाही ते हिनं बाळंतपणात जमवलं."

"पोरगी हुशारच आहे," काका म्हणाले.

हात पुसून त्यानं लगेच बोलता मेसेज पाठवला. "मानलं बुवा तुला. किती बसवायच्या आहेत? एकच असेल तर मी एकटा येतो. जास्त असतील तर काकांनाही घेऊन येतो."

बायकोनं तो स्वयंपाकघरात ऐकला, सासूबाईंच्या देखत. त्या भाजी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"काकांना कशाला?" त्यांनी विचारलं.

"चेष्टा करतोय मेला," बायको म्हणाली आणि कान लाल करून तिनं उत्तर लिहिलं, "फाजीलपणा नको. एकच. वेळेवर ये."

पण गारठा म्हणजे जातिवंत कारागीर. हॉस्पिटलसारखं गिऱ्हाईक, तिथे एक म्हणता चार निघाल्या तर पंचाईत नको. गुरुवारी अकराला पाच कमी असताना तो शिडी, जोड तापवायची गॅसची बत्ती आणि निरनिराळ्या मापांच्या कॉपर टींचा डबा घेऊन, काकांसह, बायकोचं बाळंतपण झालं त्या बायकांच्या विभागात शिरला. बाकांवर वीसेक बायका वहीनं वारा घेत बसल्या होत्या. भिंतीवरचा एसी बंद होता.

काउंटरवर एक ठेंगण्या, चष्मेवाल्या सिस्टर होत्या.

"कॉपर टी बसवायला आलोय," गारठा म्हणाला.

सिस्टरांनी आधी त्याच्याकडे, मग शिडीकडे पाहिलं. "तुम्ही?"

"मी आणि हे काका. यांचा हात फार साफ आहे."

"कॉपर टी इथे आम्ही बसवतो," सिस्टर म्हणाल्या.

गारठ्याला हे लागलं. "तुम्हाला जमतं?"

"बावीस वर्षं बसवतेय."

"आणि जोडाला आग कशानं देता?"

बाकांवरचा वारा थांबला. एवढ्यात आतल्या दारातून त्याची बायको बाहेर आली. तिनं शिडी पाहिली, बत्ती पाहिली, नवऱ्याच्या हातातला डबा पाहिला. गणिताच्याच बाई त्या, उत्तर यायला त्यांना दोन सेकंद लागले.

"रविवारी मी काय काय सांगितलं, त्यातलं एक तरी सांग," ती म्हणाली.

गारठ्याला स्प्रिंग आठवली. बाकी काही आठवेना.

सिस्टरांनी ड्रॉवरमधून नमुन्याची कॉपर टी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. बोटाच्या दोन पेरांएवढी, तांब्याची तार गुंडाळलेली, खाली बारीक दोरा. त्यानं ती उलटून पालटून पाहिली आणि त्याच्या मानेपासून कपाळापर्यंत घाम फुटला. काका शिडीआड गेले. मागून एक बाई हसली, मग अख्खी रांग हसली.

त्याला पळून जाता आलं असतं. पण आतल्या दाराकडे पाहिलं तर बायको तिथेच उभी होती, आणि ती हसत नव्हती. त्यानं डबा काकांकडे दिला आणि तो बायकोला म्हणाला, "चल आत. या वेळी ऐकतो."

आणि आत डॉक्टरबाईंसमोर बसून त्यानं खरंच ऐकलं. तांब्याचं काम म्हटल्यावर त्याचं डोकंही चालायला लागलं. किती वर्षं टिकते? दहापर्यंत. मधेच काढावीशी वाटली तर? कधीही काढता येते, पण इथे येऊन. जागेवरून हलली तर कळायचं कसं? दोऱ्यावरून, आणि म्हणून महिन्या-दीड महिन्यानं तपासायला यायचं. दूध पाजणाऱ्या बाईला चालते? चालते. सुरुवातीला काय त्रास होतो? पाळीत रक्त जास्त जाईल, पोट दुखेल.

"मग तेवढे दिवस दोन्ही पोरांना मी बघतो," तो म्हणाला. बायकोनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच तिला हा निर्णय दोघांचा वाटला.

"इतकं विचारणारा नवरा मी या खुर्चीत बसल्यापासून पाहिला नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

कॉपर टी बसवून झाल्यावर ते दोघं बाहेर आले तेव्हा विभागात गार वारा सुटला होता. काकांना रिकामं बसवेना, म्हणून त्यांनी शिडी लावून एसी उघडला होता. आतली जाळी धुळीनं बुजली होती, एवढंच. बाकांवरच्या बायकांनी आता चक्क टाळ्या वाजवल्या आणि सिस्टरांनी हॉस्पिटलच्या एसींच्या वर्षभराच्या देखभालीच्या कामाचा अर्ज गारठ्याच्या हातात दिला. बायको रिक्षात बसताना म्हणाली, "शिडी आणलीस ते बरं केलंस हो." गारठ्याला वाटलं, आपण गड जिंकला.

शिडी खांद्यावर घेताना त्याचं लक्ष काकांच्या खिशाकडे गेलं. सिस्टरांच्या काउंटरवरचं माहितीपत्रक त्यातून डोकावत होतं.

"काका, सहा झाल्यावर आता कशाला?"

"माझ्यासाठी नाही रे," काका म्हणाले. "जावयासाठी. तोही तुझ्यासारखाच हुशार आहे."